न पेटणारा फोम

गादी उसवून बघणारं गिऱ्हाईक मला आजवर भेटलेलं नाही. माणूस दुकानात येतो, तळहातानं दाबतो, बसून बघतो, धीट असेल तर चपला काढून आडवा होतो. खोळीचा रंग बायकोला दाखवतो. आत काय भरलंय ते मात्र आमच्या शब्दावर सोडून देतो, आणि पुढची कित्येक वर्षं रोज रात्री त्यात नाक खुपसून झोपतो. एवढ्या विश्वासावर चालणाऱ्या धंद्यात कुणीतरी एकानं संशयी असायलाच पाहिजे. आमच्या दुकानात ते काम माझ्याकडं आहे.

आम्ही सांगलीचे नदाफ, म्हणजे पिंजारी. आजोबा खांद्यावर धनुकली टाकून तासगाव-मिरजेकडच्या गावांतून फिरायचे आणि लोकांच्या अंगणात बसून कापूस पिंजून द्यायचे. वडिलांनी पिंजायचं यंत्र घेतलं आणि दुकान टाकलं. आता ते माझा मोठा भाऊ रहीमभाई आणि त्याचा मुलगा इरफान बघतात. लग्न होऊन मी दोन गल्ल्या पलीकडं गेले, पण माल बघून घेणं, ऑर्डरी लिहिणं, कुणाला कधी काय द्यायचं ते ठरवणं हे माझं काम माहेरीच राहिलं. घरात आम्ही दखनी आणि मराठी मिसळून बोलतो. इथं मराठीच लिहिते.

मला याद्यांची सवय आहे. गिऱ्हाइकाला विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. कोण झोपणार? अंगानं कसं आहे? पाठ दुखते का? घरात अंथरूण ओलं करणारं कुणी आहे का? शेवटच्या प्रश्नाला लोक लाजतात. पण त्याचं खरं उत्तर मिळालं नाही तर गादी दोन पावसाळ्यांत कुजते आणि शिव्या आम्हाला बसतात.

एकदा कोरेगावकडचे एक निवृत्त सुभेदार आले. सोबत बायको. म्हणाले, "ताई, दगडासारखी गादी पायजे. मऊ गादीवर मला झोपच येत न्हाई. पलटणीची सवय हाय."

बायको म्हणाली, "ह्यांची पलटण सुटून लय दिस झालं. मी कवा पलटणीत होते? माझ्या हाडांनी काय घोडं मारलंय?"

दोघंही हटेनात. शेवटी एकाच खोळीत अर्धी गादी घट्ट आणि अर्धी मऊ भरून दिली, मधे टाक्यांची उभी रांग घातली. सुभेदारांनी ती रांग बोटानं तपासली आणि म्हणाले, "बरोबर. बॉर्डर पक्की पायजे." आजही ते रस्त्यात भेटले की बॉर्डर शाबूत असल्याचं सांगतात.

असं गिऱ्हाईक परवडतं. आतला माल फसवा निघाला तर नाही परवडत. आठवडी बाजारातून घेतलेली गादी घेऊन एक म्हातारा आला होता. कूस बदलली की आतून कडकड वाजते म्हणून त्याला झोप नव्हती. उसवली तर वरखाली बोटभर कापूस आणि मधे खताच्या पोत्यांचे तुकडे, थर्माकोल, एका जुन्या पँटची चेन. म्हातारा त्या चेनकडं बघत राहिला. "मंजी मी कुणाच्या तरी विजारीवर झोपत हुतो म्हना की," म्हणाला.

आता आमच्या धंद्यातल्या एका रिवाजाबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरूनच घडलं. आम्ही त्याला नुसतं 'काडी लावणं' म्हणतो. कापसाचा व्यापारी आला की त्याच्या गठ्ठ्यातून चिमूटभर कापूस ओढायचा, पिळून वात करायची आणि काडीपेटीतली काडी लावायची. नुसता कापूस असेल तर तो सरळ जळतो, जळक्या कागदासारखा वास येतो आणि खाली मऊ राख पडते. त्यात मिलचा नकली धागा मिसळलेला असेल तर तो वितळतो, प्लॅस्टिकचा वास सुटतो आणि गार झाल्यावर बोटाला काळा कडक मणी लागतो. मणी लागला की व्यापाऱ्यानं गठ्ठा उचलायचा, वाद घालायचा नाही. रहीमभाईची काडी आमच्या बाजारात प्रसिद्ध आहे. दुसरे दुकानदार आपला माल त्याच्याकडं आणून काडी लावून घेतात.

पुढं फोम आला. फोम हा मुळात खनिज तेलापासून निघालेला पदार्थ. त्याला काडी लावली की भसकन पेटतो, वितळून ठिबकतो आणि काळा धूर होतो. भाईनं पहिल्याच दिवशी तोंड फिरवलं. पण लोकांना फोम हवा होता, म्हणून आम्हीही ठेवला. त्यानंतर काही वर्षांनी आला रंगीत फोम.

हा नवा बनवलेला फोम नसतो. जुन्या फोमचे तुकडे बारीक करून, गोंदानं चिकटवून, दाबून त्याचे ठोकळे करतात. कापला की आत गुलाबी, पिवळे, करडे, हिरवे ठिपके दिसतात, शेवचिवड्यासारखे. घट्ट असतो, बसत नाही आणि नव्या फोमपेक्षा बराच स्वस्त पडतो. आम्हाला तो शिरवळच्या बाजूचा मोहिते नावाचा माणूस टेम्पोनं पाठवायचा. बोलण्यात गोड, मला आपा म्हणणारा, आणि कुठल्याही प्रश्नाला सरळ उत्तर न देणारा.

मोहित्यानं एकदा नवीन ठोकळे आणले. भाईनं सवयीनं कोपऱ्याला काडी लावली. फोम काळा झाला, कडेला थोडा आकसला आणि काडी दूर नेली तशी ज्योत विझली. भाईनं दुसरी काडी लावली. पुन्हा विझली.

"सुभानल्ला," भाई म्हणाला. "ह्याला म्हणायचा माल. ठिबकत नाही, पेटत नाही. एकदम असली."

त्या दिवसापासून इरफाननं काउंटरवर खेळच सुरू केला. गिऱ्हाईक आलं की तुकडा घ्यायचा, काडी ओढायची, विझवून दाखवायची. "बघा काका, गादीला आग लागत न्हाई." काका खूश. काकू पदर सावरून मागं सरकायच्या आणि मग पुढं येऊन विचारायच्या, "आणि पाण्यानं?"

मला तो खेळ आवडेना. कारण साधं होतं. मी माल घेते. ज्या वस्तूत काही जास्तीचं घातलेलं असतं ती महाग असते, हा माझा अनुभव. इथं न पेटणारा फोम पेटणाऱ्या फोमपेक्षा स्वस्त होता. असं का?

मोहिते पुढच्या वेळी आला तेव्हा मी त्याला चहा दिला आणि विचारलं, "मोहिते, हा पेटत का नाही?"

"चांगला माल हाय म्हणून, आपा."

"चांगला माल स्वस्त कसा?"

"आता स्वस्त दिला तरी तुमी नाव ठेवणार व्हय? उद्यापास्नं म्हाग लावतो, मंग झोप लागंल तुमास्नी."

इरफान हसला. मीही हसले, पण विषय माझ्या डोक्यातून गेला नाही.

त्याच सुमारास पाचगणीच्या एका निवासी शाळेच्या शेडगेबाई आमच्याकडं आल्या. शाळेच्या वसतिगृहाची सगळी व्यवस्था त्यांच्याकडं, मूळच्या मेढ्याच्या. हातात वही, बोलणं तुटक. मला बाई लगेच आवडल्या. लहान मुलांच्या झोपायच्या मोठ्या खोलीतल्या सगळ्या गाद्या त्यांना बदलायच्या होत्या. अट एकच, गादी पेटता कामा नये. इरफाननं लगेच काडी काढली. शेडगेबाईंनी ज्योत विझताना बघितली, स्वतःच्या हातानं एकदा करून बघितली आणि म्हणाल्या, "हीच पाहिजे. नमुना करून ठेवा, येऊन बघते, मग ऑर्डर पक्की करू."

आमच्या दुकानाला एवढं काम एकदम कधी मिळालं नव्हतं. इरफाननं शेजारचा रिकामा गाळा भाड्यानं घ्यायची बोलणी सुरू केली. मोहित्याकडून मालाची पहिली खेप आली आणि मागच्या खोलीत छतापर्यंत रंगीत ठोकळे लागले.

ही मागची खोली म्हणजे आमचा कारखाना. तिथं इरफान यंत्राच्या करवतीनं फोम कापतो. त्याच खोलीत खिडकीजवळ त्याची बायको रेश्मा शिलाई मशीनवर खोळी शिवते. तिचा हात इतका साफ आहे की शिवण शोधावी लागते. आणि रेश्माच्या पायाशी त्यांची मुलगी झोया. तेव्हा ती नुकती रांगायला लागली होती. तिला पडून लागू नये म्हणून इरफाननं फोमच्या पट्ट्यांचं छोटं कुंपण करून दिलं होतं, खाली फोमचाच तुकडा. मुलगी त्यात रांगायची, पट्ट्या चावायची, भुग्यात बोटं फिरवून ती तोंडात घालायची. येणारे-जाणारे म्हणायचे, "नशीबवान हाय पोरगी, गादीवरच जन्मली."

दुकानात राणी नावाची मांजर होती. उंदरांसाठी कापसाच्या दुकानात मांजर लागतेच. ती फोमच्या कातरणाच्या ढिगात झोपायची. त्या दिवसांत ती सारखी खायला मागायला लागली. दोघांचं खायची आणि तरी वाळत चालली. अंगाची नुसती काठी झाली, पण स्वस्थ म्हणून बसेना. मी तिला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडं नेली. त्यांनी रक्त तपासलं आणि सांगितलं की थायरॉइड वाढलंय.

"मांजराला थायरॉइड?" मी विचारलं. मला वाटायचं ते फक्त आमच्यासारख्या बायकांना होतं.

"म्हाताऱ्या मांजरांना होतं," डॉक्टर म्हणाले. "ही कुठं झोपते?"

मी सांगितलं. ते लिहायचे थांबले. मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच सावधपणानं इथं देते. फोम पेटू नये म्हणून तो बनवताना त्यात काही रसायनं घालतात. यातली बरीचशी फोमशी घट्ट जोडलेली नसतात, नुसती मिसळलेली असतात. फोम जुना झाला, चुरला, की ती धुळीबरोबर हळूहळू बाहेर पडतात. मांजर दिवसभर अंग चाटतं, म्हणजे अंगावरची धूळ पोटात जाते. घरात राहणाऱ्या मांजरांच्या थायरॉइडचा आणि या रसायनांचा संबंध असावा असा परदेशातल्या काही अभ्यासकांना संशय आहे. "पण संशयच," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या मांजराला त्यानंच झालं असं मी लिहून देणार नाही. वयानंही होतं."

"आणि धूळ तोंडात घालणारं दुसरं कुणी असेल तर?" मी विचारलं.

"कोण?"

"रांगणारं मूल."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "मी जनावरांचा डॉक्टर आहे. पण माझं मूल असतं तर मी त्याला तिथं ठेवलं नसतं."

घरी येऊन मी मिळेल ते वाचलं. इंग्रजी अडलं की ओळखीच्या मास्तरीणबाईंना विचारलं. जे समजलं ते थोडक्यात असं. यातली काही जुनी रसायनं शरीरातल्या थायरॉइडच्या कामात ढवळाढवळ करतात आणि वाढत्या मुलांच्या मेंदूवर परिणाम करतात, या भीतीनं बऱ्याच देशांनी त्यांच्यावर बंदी घातली. ती सहज नष्ट होत नाहीत. मातीत जातात, नदीत जातात, माशांच्या चरबीत साठतात. आणि बंदी आली ती नव्या मालावर. आधीच बनलेले सोफे, गाद्या, गाड्यांच्या सीटा कुठं गेल्या? त्या भंगारात गेल्या. भंगारातून त्यांचे तुकडे झाले. मग मला मागचा महापूर आठवला. पाणी ओसरल्यावर आमच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भिजलेल्या गाद्यांचे ढीग पडले होते. कापसाच्या कुजून गेल्या. फोमच्या नदीकाठच्या झुडपांत अडकून कितीतरी दिवस लोंबत होत्या. पुढं त्याही दिसेनाशा झाल्या. कुठं गेल्या, कुणी विचारलं नाही.

मी मोहित्याला न सांगता त्याच्या गोदामावर गेले. हायवेपासून आत, पत्र्याची मोठी शेड. आत फोमचे डोंगर. गाड्यांच्या सीटांचे तुकडे ओळखू येत होते. काही तुकड्यांना जाड सोफ्याचं कापड अजून चिकटलेलं होतं, आपल्याकडं दिसत नाही असल्या नक्षीचं. तोंडाला ओढण्या बांधून चार-पाच बायका ते कापड ओरबाडून काढत होत्या. मी एकीला विचारलं, "त्रास होत नाही का?"

"डोळं चुरचुरत्यात," ती म्हणाली. "आन घसा. पर उसाच्या पाल्यापरीस बरं. हितं सावली हाय."

मोहिते धावत आला. "आवं आपा, फोन करायचा की! चहा सांगतो."

"चहा राहू दे. हा माल येतो कुठून?"

"बंदरावरनं."

"बंदरावर कुठून?"

"ते बोटीला इचारा."

"मोहिते, यात न पेटायचं औषध आहे. कुठलं आहे ते मला लिहून दे."

तो हसायचा थांबला. "आपा, मी तुकडं घेतो, तुकडं इकतो. त्यात कुणी काय घातलं ते मला तरी कसं कळावं? धा देशांचा माल एकात एक झालाय. आन खरं सांगू का? आजवर मला हे कुणी इचारलं न्हाई. समदी म्हंत्यात, पेटत न्हाई, लय भारी."

मला त्याचा राग आला, पण तो खोटं बोलत नव्हता. त्यालाही ठाऊक नव्हतं. माझ्या संशयाला ते सगळ्यात वाईट उत्तर होतं. फसवणूक असती तर ती पकडता आली असती.

संध्याकाळी मी सगळ्यांसमोर विषय काढला. भाईनं ऐकून घेतलं, खिशातून काडीपेटी काढली, तुकड्याला काडी लावली आणि विझलेली ज्योत माझ्यासमोर धरली. "शमीम, काडी खोटं बोलत नाही. अब्बांनी शिकवलंय."

"काडी खोटं बोलत नाही, भाई," मी म्हणाले. "पण तिला आपण विचारतो काय? यात दुसरं काही मिसळलंय का, एवढंच. कापसाला विचारतो, फोमलाही तेच विचारतो. फोमनं तर पहिल्याच दिवशी सांगितलं की मिसळलंय. नुसता फोम कधी विझतो का? आपण त्याला असली म्हणालो."

भाई काडीकडं बघत राहिला. त्याला माझं पटलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. पण त्यानं काडीपेटी खिशात न ठेवता बाजूला ठेवली.

इरफान मात्र भडकला. "फुप्पी, एका मांजराच्या मागं लागून तुम्ही एवढी ऑर्डर घालवणार? सगळ्या सांगलीत हा फोम आहे. आपण नाही दिला तर दुसरा देईल."

"देऊ दे."

"मग झोयाला घरी ठेवू. महिनाभराचा तर प्रश्न आहे. अम्मी सांभाळतील."

त्याच्या आईचे गुडघे गेलेले. रांगणाऱ्या मुलीमागं तिला धावता येत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. तोवर गप्प असलेली रेश्मा म्हणाली, "म्हणजे मी घरी बसायचं. सरळ सांगा की. पोरीला बाहेर काढलं म्हणजे मलाच बाहेर काढलं. मग खोळी कोण शिवणार, तुमची करवत?"

रेश्मा उठली. तिनं पांढऱ्या मांजरपाट कापडाचा धुतलेला तुकडा ओला करून पिळला आणि झोयाचे दोन्ही तळवे पुसले. मग बोटांच्या मधली जागा. मग हनुवटीखाली. मुलगी खदखदून हसत होती, तिला तो खेळ वाटला. रेश्मानं ते फडकं इरफानच्या मांडीवर पसरलं. त्यावर गुलाबी, करडी, हिरवट धूळ होती. सकाळी तिला आंघोळ घातलेली होती.

"आत्ता जेवली ती. ह्याच हातानं," रेश्मा म्हणाली. "फुप्पींचं खरं का मोहित्याचं, मला कळत नाही. पण हे काय आहे ते मला जोवर कुणी सांगत नाही, तोवर ते ह्या खोलीत नको. पोरगी इथंच राहणार आणि मीपण."

इरफान फडक्याकडं बराच वेळ बघत होता. शेवटी त्यानं त्याची उलटी घडी घातली.

शेडगेबाईंना फोनवर सांगणं मला बरं वाटेना. त्या नमुना बघायला येणारच होत्या. आल्या तेव्हा मी त्यांना गाद्या न दाखवता खुर्ची दिली आणि सगळं सांगितलं. त्यांनी मधे तोडलं नाही.

मग म्हणाल्या, "आता माझं ऐका. आमच्या एका मुलीनं उशीखाली मोबाइल चार्जिंगला लावला. उशी पेटली, चादर पेटली. मी बादली घेऊन धावले. त्या खोलीत लहान लहान पोरी झोपलेल्या. तो वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. तुम्ही मला सांगताय की न पेटणारी गादी नको. मग पेटणारी देऊ त्यांना?"

मी होतं ते सांगितलं. "कापूसपण पेटतो, बाई. आत आत धुमसतो, हे मी लपवणार नाही. जाड विणीची घट्ट खोळ घालता येईल. पलंगाजवळची चार्जिंगची बटणं काढून टाका. ते आमच्या गादीपेक्षा जास्त उपयोगी पडेल."

"ती काढलीच," त्या म्हणाल्या. "पण तपासणीला येणारा माणूस गादीचं प्रमाणपत्र मागतो. आणि प्राचार्यांना मी काय सांगू, दुकानातल्या मांजराला थायरॉइड झालं?"

आम्ही दोघी हसलो. पण दोघींनाही हसू फार वेळ टिकवता आलं नाही. जाताना त्या झोयाजवळ थांबल्या. तिला गाल लावला. म्हणाल्या, "तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. माझंही चुकलेलं नाही."

पुढं कळलं की शाळेनं मोठ्या शहरातल्या दुकानातून तयार गाद्या घेतल्या. पेटत नाहीत असं प्रमाणपत्र सोबत होतं. कशामुळं पेटत नाहीत, ते त्यावर लिहिलंय का, हे मी शेडगेबाईंना विचारलं. त्यांनी प्रमाणपत्र पुन्हा वाचून बघितलं आणि 'नाही' एवढंच कळवलं. मला त्या गाद्यांबद्दल काही म्हणायचं नाही, कारण मला काही माहीत नाही. माझी तक्रार नेमकी हीच आहे.

ठोकळे परत पाठवायच्या दिवशी इरफान स्वतः भरायला उभा राहिला. त्यानं गाळ्याची बोलणी मोडली होती आणि आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलत होता. टेम्पोवाला ओळखीचा. तो म्हणाला, "का रं गड्या, परत का? लय भारी माल हाय न्हवं? पेटत न्हाई म्हंत्यात."

"व्हय," इरफान म्हणाला. "म्हणूनच परत चाललाय."

टेम्पोवाल्याला ते कळलं नाही. त्यानं दोरी ओढून गाठ मारली आणि विचारलं, "मंग आता कुठं टाकू? मोहिते म्हणला हितंच दुसरं गिऱ्हाईक हाय, तिकडं उतरव."

इरफाननं माझ्याकडं बघितलं. माल मोहित्याचा होता. अडवायचा कुठल्या हक्कानं? टेम्पो आमच्याच रस्त्यानं, नदीच्या बाजूला वळला. कुणाच्या दारात थांबला ते आम्हाला कळलं नाही. आम्ही मागची खोली ओल्या फडक्यानं तीनदा पुसली, धूळ उडू नये म्हणून झाडू लावला नाही. कातरण पेटवायचं नाही हे मी वाचलं होतं, कारण त्याचा धूर जास्त घातक. पोत्यांत भरून कचरागाडीला दिलं. गाडी ते कुठं नेते, हे मला ठाऊक आहे आणि ते मला आवडत नाही. पण त्याहून चांगली जागा मला सापडलेली नाही.

राणी गोळ्यांवर काही महिने जगली. आता दुकानात दुसरी मांजर आहे, कापसात झोपते. काम थोडं कमी झालंय. कोऱ्या फोमचा माल आम्ही बनवणाऱ्याकडून, आत काय आहे ते लिहून घेऊनच घेतो. लिहून न देणाऱ्यांची संख्या बघून माझा संशय वाढला, कमी झाला नाही. इरफान आता पुन्हा नीट बोलतो. काउंटरवरचा काडीचा खेळ त्यानं आपणहून बंद केला.

गेल्या महिन्यात झोयाला ताप आला म्हणून रेश्मा आणि मी तिला मुलांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेलो. दवाखाना नवा, चकचकीत. बाहेरच्या खोलीत मुलांना खेळायला कोपरा केलेला, भिंतीवर जिराफ, जमिनीवर मऊ रंगीत चटया आणि बसायला बुटके कोच. एक बाळ चटईवर पालथं पडून कोचाची कड चोखत होतं. कड थोडी उसवलेली होती. मी वाकून बघितलं. आत गुलाबी, पिवळे, करडे ठिपके.

मोहित्याचाच असेल असं नाही. तसला फोम पुष्कळ जण विकतात. त्या बाळाच्या आईशी मी बोलायला गेले, पण सुरुवात कुठून करायची ते सुचेना. "त्याला उचला," एवढंच म्हणाले. तिला वाटलं मी कोच घाण आहे म्हणतेय. तिनं रुमालानं कड पुसली आणि बाळाला पुन्हा तिथंच ठेवलं.

झोया खाली उतरायला धडपडत होती. जिराफ बघून हात पसरत होती, तापातसुद्धा. ती आता चांगली जड झालीय. रेश्मानं तिला सोडलं नाही. आमच्या आधी बरेच नंबर होते. बसायला दुसरी जागा नव्हती. एकीचा हात भरून आला की दुसरी घ्यायची, असं करत आम्ही दोघी उभ्या राहिलो. रिकामे कोच समोर असताना या बायका उभ्या का, म्हणून सगळे आमच्याकडं बघत होते.